मापवाली

“शिक्षण?” मॅडमनी विचारलं.

“चौथी,” मी म्हटलं. “तीही मास्तरांनी दया येऊन ढकलली म्हणून.”

मागं उभ्या असलेल्या सहा पोरी तोंडावर हात धरून हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. मांडीवरच्या फाईलमधला रकाना त्यांनी शोधला, पेनाचं टोक त्यावर टेकवलं आणि थांबल्या.

“आजी, निकषाप्रमाणं प्रशिक्षकाची दहावी झालेली पाहिजे.”

“आजी कुणाला म्हणता? आनसाबाई सुतार नाव आहे माझं. दारावर रंगानं लिहिलंय. येताना वाचलं नसेल तर जाताना वाचा.”

माझी सून सुजाता लगेच पुढं झाली. मी बोलायला लागले की ती नेहमी अशीच पुढं होते, दूध उतू जाताना धावावं तशी. “मॅडम, दहावी नसेल तर पंधरा वर्षांच्या अनुभवाचं पत्र चालतं. चौथा मुद्दा, खालची टीप. आत्तींचं एकतीस वर्षांचं आहे.”

ठोंबरे मॅडमनी पत्र वाचलं, उलटून पाठ बघितली आणि रकान्यात बरोबरची खूण केली. बाई असेल तिशीची. काडीसारखी. माझा वर्ग तपासायला एसटीनं आली होती, फाट्यावरून चालत. पायांत धूळ, हातात सरकारी फाईल, फाईलमध्ये तेवीस मुद्दे. मी मनात म्हटलं, असल्या चिमणीला मी घाबरू?

पण घाबरले होते. आज नऊ वर्षांनी ते कबूल करायला हरकत नाही.

कोल्हापूरजवळच्या कारखान्यांच्या वसाहतीमागं माझी ही पत्र्याची शेड. तिथं मी पोरींना कोअर करायला शिकवायची. ज्यांना ओतकाम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पाण्याच्या पंपाच्या पोटात पोकळी असते. लोखंड ओतताना ती पोकळी राहावी म्हणून आत वाळूचा गाभा ठेवावा लागतो, त्याला कोअर म्हणायचं. वाळूत जवसाचं तेल आणि साखर कारखान्याची मळी कालवायची, साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची. कोअर कच्चा राहिला तर तापलेल्या लोखंडात फुटतो आणि सगळा माल भंगारात जातो. हे काम आमच्याकडं बायकांचंच. मी एका कारखान्यात एकतीस वर्षं केलं, त्यातली वीस मुकादम म्हणून.

कामावरनं सुटल्यावर वर्ग काढला. सहा महिने पोरींना शिकवायचं आणि मग कारखान्यात शिकाऊ म्हणून लावून द्यायचं. माझा शब्द पुरायचा. मग एक दिवस कारखान्याचे चौगुले साहेब म्हणाले, “आक्का, तुमच्या हाताखालची पोरगी मला तपासायची गरज नाही. पण शिकाऊ म्हणून नोंद करायची तर आता मान्यता असलेल्या पूर्वतयारी वर्गाचा दाखला लागतो. एक तारखेच्या आत मान्यता आणा. नाहीतर सहाच्या सहा जागा दुसऱ्या वर्गाला द्याव्या लागतील.”

त्या सहाजणींतल्या दोघी काजूच्या कारखान्यातलं काम सोडून आल्या होत्या. दीपाली घस्तेच्या बापानं तर स्वच्छ सांगितलं होतं, एक तारखेला कामावर गेलीस तर ठीक, नाहीतर पाच तारखेला पाहुणे बघायला येणार. दीपाली माझी सगळ्यांत हुशार पोरगी. तिच्या हातचा कोअर टिचकी मारली की भाजलेल्या मडक्यासारखा वाजायचा.

तर मॅडम एकेक मुद्दा विचारत गेल्या. संडास आहे का? आहे, आतून कडी आहे. हजेरी? सुजातानं वही काढली. औषधांची पेटी? आहे. कारखान्याचं पत्र? आहे. बरोबरच्या खुणा पडत होत्या. मी पदर सावरून बसले. पंधराव्या मुद्द्याला मॅडम म्हणाल्या, “आता एका मुलीनं मला सगळं काम करून दाखवायचं. सुरुवातीपासून.”

मी दीपालीकडं बघून हनुवटी उचलली.

पोरीनं वाळू चाळली. धुरळा उठला, उन्हाच्या पट्ट्यात चमकला. तेल घातलं, मळी घातली, दोन्ही हातांनी मळलं. मग चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. डोळे मिटून दातांखाली घोळवली आणि म्हणाली, “आक्का, मळी थोडी कमी आहे.”

माझा ऊर भरून आला. ही माझी विद्या. आधी गोड लागलं पाहिजे, मग तेलाचा कडवटपणा, आणि शेवटी दातांत कण कर्र वाजला पाहिजे. पिठासारखं लागलं तर वाळूत माती आहे, फेकून द्यायची. नवी पोरगी आली की पहिल्या दिवशी मी स्वतःच्या हातानं तिच्या जिभेवर चिमूट ठेवायची, बारशाला पेढा भरवावा तशी. जिनं तोंड वाकडं केलं तिला दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणायची.

“हे रोज करता?” मॅडमनी विचारलं.

“रोज काय, प्रत्येक घाण्याला. दिवसात दहा-बारा वेळा,” मी म्हटलं.

“आणि मास्क?”

“मास्क लावून चव कशी घ्यायची? कानातनं?”

पोरी पुन्हा हसल्या. मॅडमनी पेन मिटलं. “आनसाबाई, तुम्ही कामाला लागलात तेव्हा किती बायका होत्या?”

“अकराजणी. एक मी आणि दहा बाकीच्या. वाघिणी होत्या.”

“आता कुठं आहेत त्या?”

“आता वयं झाली की हो. कलावती गेली, टीबीनं. हिराबाईला पण टीबीच. दोन-दोनदा औषधाचा कोर्स केला, तरी गेली. शांता दम्यानं गेली, काशी दम्यानं. शकूला काय झालं कुणालाच कळलं नाही, खोकून खोकून गेली. दोघी गावाकडं गेल्या, तिकडंच वारल्या. दोघी अंथरुणाला आहेत.” मग मीच म्हटलं, “गरिबाला टीबी होतोच मॅडम. त्यात काय नवल?”

“औषधानं बरी झालेली एकही नाही?”

“नाही.”

“नऊजणी झाल्या. दहावी कोण?”

“मंगल शेलार. ती ठणठणीत आहे. पण ती आमच्यातली नव्हतीच.”

“म्हणजे?”

“वाळू थुंकायची. तोंडाला फडकं बांधून बसायची आणि पत्र्याच्या डब्यानं सगळं मोजायची. मापवाली म्हणायचो आम्ही तिला. मी मुकादम झाले आणि पहिली तिला काढली.”

सुजातानं लिहिता हात थांबवून माझ्याकडं बघितलं. तशी ती माझ्याकडं सहसा बघत नाही.

मॅडमचा आवाज खाली आला होता. “चवीनं काही होत नाही हो. पोटात गेलेली वाळू निघून जाते. पण चवीसाठी तोंड उघडं, आणि तोंड उघडं म्हणून चाळतानाही मास्क नाही. डोळ्यांना दिसत नाही ती बारीक धूळ छातीत जाऊन बसते. पुन्हा निघत नाही. एक्सरेत टीबीसारखीच दिसते.”

“मी एकतीस वर्षं केलंय. मला काय झालं?”

त्यांनी घड्याळात बघितलं. “मी आत्ता अपात्र लिहून जाऊ शकते. पण दुपारी मला पलीकडचा वर्ग बघायचाय. चार वाजता परत येते. तोपर्यंत मास्क लावून, जिभेला न लावता, मोजून केलेला एक कोअर भट्टीतून काढून दाखवा. माप फळ्यावर लिहिलेलं पाहिजे. तुम्ही उद्या नसलात तर या मुलींनी कुणाच्या जिभेवर काम करायचं?”

मॅडम निघून गेल्या. साडेदहा वाजले होते.

सुजातानं औषधांच्या दुकानातून मास्क आणले, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून तराजू आणला. फळ्यासमोर खडू घेऊन उभी राहिली. “सांगा आत्ती. वाळू किती?”

“एवढी.” मी हातानं ढीग दाखवला.

“एवढी म्हणजे किती किलो?”

“अगं एवढी म्हणजे एवढी! माझ्या हाताला कळते ती.”

“फळ्यावर तुमचा हात कसा काढू?”

अंदाजानं आकडे लिहिले. पहिला कोअर साच्यालाच चिकटला, मळी जास्त. दुसरा भट्टीतून काढताना दीपालीच्या हातात भुगा झाला. दीड वाजून गेला. पोरी घामाघूम. मास्कच्या वर नुसते डोळे, आणि सगळे डोळे माझ्यावर. मी स्वतः घाणा मळायला बसले. मास्क लावला तर वासही कळेना. एकतीस वर्षं जे अंगात मुरलं होतं त्यातलं मला एक अक्षर सांगता येत नव्हतं.

“आक्का,” दीपाली हळूच म्हणाली, “मॅडम नाहीत आत्ता. जराशी चव घेऊ?”

मी मास्क खाली ओढलाच होता. चिमूट बोटांत होती.

“घ्या की,” सुजाता म्हणाली. “घेऊन माप काय लिहू ते सांगा.”

मी चिमूट ढिगावर टाकली. हात झटकले. उठायला खांबाचा आधार घ्यावा लागला. “रिक्षा बोलव,” म्हटलं.

“कुठं जायचं?”

“मापवालीकडं.”

मंगल घरकुलाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. एवढं मला ऐकून माहीत होतं, कधी गेले नव्हते. सुजाता पुढं चढली. मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसले. छातीत कुणीतरी वळकटी घट्ट बांधावी तसं होत होतं. ते वर्षभर होत होतं, पण मी कुणाला सांगितलं नव्हतं.

खालून पावलं वाजली. दोन हातांत दोन भरलेल्या बादल्या घेऊन एक म्हातारी तरातरा वर येत होती.

“वाटेत कोण बसलंय गं? सरक, पाणी सांडेल.” मग थांबली. “आनसे?”

“मीच.”

“मला वाटलं मेलीस.”

“अजून नाही.”

“मग वर तरी चढ.”

“चढते. दम घेते जरा.”

मंगलनं बादल्या खाली ठेवल्या. दोन मजले पाणी आणून बाईला साधी धाप नव्हती. माझ्या खांद्यांकडं बघत राहिली, ते वरखाली होत होते. “कुठवर आलाय दम?” तिनं विचारलं.

“कुठवर म्हणजे?”

“आधी तिसऱ्या मजल्याला लागतो. मग दुसऱ्या. हिराला शेवटी उंबऱ्यावरच लागायचा.”

“तू जायचीस हिराकडं?”

“सगळ्यांकडं जायची. मला तू हाकललंस, त्यांनी नव्हतं हाकललं.”

सुजाता वरून खाली आली होती. भिंतीला टेकून उभी राहिली. मी सगळं सांगितलं. मान्यता, मॅडम, सहा पोरी, चार वाजता. माप पाहिजे म्हटलं.

मंगल हसली. दात शाबूत होते तिचे. “माझं माप? कोअर शॉपमध्ये किराणा दुकान मांडलंय म्हणून माझा डबा लाथेनं उडवला होतास. आठवतं?”

“आठवतं.”

“मी फडकं बांधलं तर पदराला धरून ओढलंस. तोंड झाकून काम करायला इथं कुणाचं मढं उचलायचंय, म्हणालीस. कलावतीनं पण त्या दिवशी बांधलं होतं. माझं बघून. तिनं गुपचूप सोडलं.”

ते मला आठवत नव्हतं. म्हणजे, कलावतीचं आठवत नव्हतं. ती माझ्या शेजारी बसायची, माझ्या डब्यातलं खायची. तिनं फडकं सोडलं हे मी बघितलंच नसेल, कारण तिनं ऐकलं यात बघण्यासारखं काय होतं?

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

“इथं जिन्यात सांगतेस? मला जिन्यात हाकललं होतंस काय? नऊजणींच्या देखत हाकललंस. नऊजणींच्या देखत सांग.”

“कुठून आणू गं नऊजणी?”

बादलीतलं पाणी हलायचं थांबलं होतं. मंगल पण पायरीवर बसली, माझ्या खालच्या. म्हणाली, “दोघी आहेत अंथरुणाला. त्यांना ऐकूही येत नाही धड.”

“सहा पोरी आहेत,” मी म्हटलं. “आणि एक सरकारी बाई.”

“सरकारी बाईच्या देखत बोललीस तर तुझं नाव कापतील.”

“कापू दे.”

मंगलनं मान वळवून बघितलं, खरं बोलते की नाटक करते ते. मग सुजाताला म्हणाली, “सूनबाई, या बादल्या वर ठेव. कपाटावर पत्र्याचे दोन डबे आहेत, मोठा आणि छोटा. ते आण. आणि खालच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद आहेत, ते पण.”

शेडमध्ये आलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. मंगलनं दारातच नाकातोंडाला फडकं गुंडाळलं. आत आल्यावर तिनं माझ्याकडं किंवा पोरींकडं बघितलं नाही, आधी वाळूकडं बघितलं. “कोरडी चाळता? आधी पाणी शिंपडा. धुरळा उडता कामा नये.” मग डब्यानं मोजायला लागली. मोठ्या डब्यानं वाळू, छोट्यानं तेल, छोट्यानंच मळी, काठाशी बोट फिरवून सपाट. प्रत्येक डबा झाला की सुजाता फळ्यावर लिहायची. पोरी मोजत होत्या. मंगलनं मळलेल्या वाळूची मूठ दाबली, मोडली, मोडलेल्या कडा बघितल्या. “कडा अशा धारदार राहिल्या की झालं. हे डोळ्याला दिसतं. जिभेचं काम नाही.”

साचा दीपालीनंच भरला. भट्टीत गेला तेव्हा तीनला पाच कमी होते.

ठोंबरे मॅडम चारला दहा मिनिटं असताना आल्या आणि फळा वाचत बसल्या. चार वाजून गेल्यावर दीपालीनं चिमट्यानं कोअर बाहेर काढला. थोडा निवू दिला आणि टिचकी मारली. वाजला.

मॅडमनी नखानं ओरखडून बघितलं. कण निघाला नाही. त्यांनी फाईल उघडली. “पंधरावा मुद्दा, ठीक. आता मला पुन्हा चौथ्याकडं यावं लागेल. हे माप कुणाचं आहे?”

मंगल हात पुसत होती, सावकाश, बोटं एकेक करून.

मी उठले. मला वाटलं होतं आवाज चढेल, माझा नेहमी चढतो. चढला नाही. दमच नव्हता तेवढा.

“हिचं आहे,” मी म्हटलं. “मंगल शेलारचं. ही तोंड बांधून काम करायची, वाळू थुंकायची, मोजून करायची. म्हणून हिला मी कामावरनं काढली. हिचं बरोबर होतं. बाकीच्या नऊजणींची तोंडं मी उघडी ठेवली. कलावती, हिरा, शांता, काशी, शकू…” नावं घेता घेता मला थांबावं लागलं. पोरींना वाटलं रडते. मी श्वास घेत होते. “पुढची पण सांगते. आणि प्रशिक्षक म्हणून माझं नाव खोडा. हिचं लिहा.”

“आत्ती,” सुजाता म्हणाली.

“तू लिही गं. तुला लिहायला शिकवलंय बापानं.”

मॅडमनी मंगलकडं बघितलं. “तुमचं शिक्षण?”

“सहावी,” मंगल म्हणाली आणि माझ्याकडं तिरकं बघितलं. “हिच्यापेक्षा दोन यत्ता जास्त.” प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिनं कागद काढले. “दुसऱ्या कारखान्यात बावीस वर्षं केलं, हे त्यांचं पत्र. आणि हा छातीच्या एक्सरेचा कागद. दरसाल काढायची.”

मॅडमनी दोन्ही वाचले. माझ्या नावावर रेघ मारली, वरच्या मोकळ्या जागेत नवं नाव लिहिलं, शेजारी सही केली. मग मुलींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “अटीवर मान्यता, तीन महिन्यांसाठी. मग मी पुन्हा येणार, न सांगता. एक तारखेला जायला मुलींना हा कागद पुरेल.” काजूवाल्या दोघींनी एकमेकींचे हात धरले. दीपाली कोअर हातात घेऊन तशीच उभी होती.

जाताना मॅडम माझ्यापाशी थांबल्या. “आनसाबाई, सोमवारी छाती तपासून घ्या. मी चिठ्ठी लिहून देते.”

“द्या,” मी म्हटलं.

एक तारखेला अजून अकरा दिवस होते. मंगलनं डबे पुन्हा मांडले, पोरींच्या नाकावरचे मास्क एकेकीचे दाबून बघितले आणि म्हणाली, “आत्तापर्यंत जे शिकलात ते विसरा. पहिल्यापासनं करायचं. आधी वाळू भिजवा.”

सहाही पोरींनी माझ्याकडं बघितलं. एकजणही हलेना.

मी मान हलवली.

त्यांनी पाण्याची भांडी उचलली. त्यानंतर त्या संध्याकाळी माझ्याकडं कुणी बघितलं नाही.